व्यवसायाच्या भौतिक सुरक्षिततेतील दुर्लक्षित दुर्बलता : शोध आणि निराकरण
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

अहमदनगरचा भुईकोट किल्ला सपाट मैदानावर उभा आहे. डोंगराचा आधार नसल्याने त्याची सारी भिस्त खंदक आणि दगडी तट यांवर होती. इ. स. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुराद याच्या मोगल सैन्याने या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा त्याने तटाखाली सुरुंग खोदण्याचा मार्ग स्वीकारला. ही वार्ता मोगल छावणीतूनच किल्ल्यात पोहोचली. चांदबिबीच्या माणसांनी आतून खणून सुरुंगांचा शोध सुरू केला. दोन सुरुंग सापडले व ते निकामी करण्यात आले. पुढच्या सुरुंगाचा शोध चालू असतानाच स्फोट होऊन तटाला खिंडार पडले. चांदबिबीने ते खिंडार लढविले आणि रातोरात बुजविले, ही कथा जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पुढे दोन शतकांनंतर, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या सैन्याने शिड्या लावून शहराची पेठ घेतली आणि १२ ऑगस्ट रोजी किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. मारा कोणत्या बाजूने करावा हे भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन इंग्रजांना सांगितले, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते.

या दोन्ही प्रसंगी तट तोच होता. पहिल्या प्रसंगी धोका जेथे कोणी पाहत नव्हते तेथून, म्हणजे जमिनीखालून आला. दुसऱ्या प्रसंगी दुर्बल जागा शत्रूआधी जवळच्या माणसास माहीत होती. आजच्या व्यवसायांच्या भौतिक सुरक्षिततेचा प्रश्नही मूलतः असाच आहे. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तेथे आज साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, नागरी सहकारी बँका, पतसंस्था, औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योग आणि तीर्थक्षेत्रांभोवतीचा व्यापार असा संस्थांचा मोठा विस्तार आहे. या संस्थांच्या हिशेबाचे लेखापरीक्षण दरवर्षी होते. त्यांच्या भिंतींचे, कुलपांचे आणि किल्ल्यांचे लेखापरीक्षण मात्र क्वचितच होते. अशा दुर्लक्षित दुर्बलता का निर्माण होतात, त्या कोठे आढळतात, त्या कशा शोधाव्यात आणि कोणत्या क्रमाने दूर कराव्यात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौतिक सुरक्षितता : संकल्पना

भौतिक सुरक्षितता म्हणजे व्यवसायातील माणसे, रोकड, माल, यंत्रे आणि कागदपत्रे यांचे प्रत्यक्ष घुसखोरी, चोरी, नासधूस व अपघात यांपासून रक्षण होय. तिची चार अंगे मानली जातात : परावृत्त करणे, विलंब लावणे, सुगावा लागणे आणि प्रतिसाद देणे. कुंपण आणि उजेड चोराला परावृत्त करतात. भिंत, गज व तिजोरी त्याला विलंब लावतात. पहारेकरी, शेजारी, कॅमेरा अथवा भोंगा यांमुळे त्याचा सुगावा लागतो. आणि पोलीस किंवा गावकरी येऊन पोहोचणे हा प्रतिसाद होय.

या चार अंगांचा परस्परसंबंध वेळेच्या गणिताने स्पष्ट होतो. उदाहरणादाखल असे समजू की, एखाद्या पतसंस्थेच्या मागील खिडकीचे गज कापण्यास १० मिनिटे व तिजोरी फोडण्यास २० मिनिटे लागतात आणि तालुक्याच्या ठिकाणाहून पोलिसांना येण्यास २५ मिनिटे लागतात. वरवर पाहता चोराला ३० मिनिटे लागणार असल्याने संस्था सुरक्षित वाटते. परंतु भोंगा केवळ तिजोरीस जोडलेला असेल, तर खिडकीपाशी गेलेली १० मिनिटे कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. भोंगा वाजल्यानंतर चोराच्या हाती २० मिनिटांचे काम उरते आणि पोलीस २५ व्या मिनिटाला पोहोचतात. तोच भोंगा खिडकीस जोडल्यास एकही नवी भिंत न बांधता गणित उलटते. सारांश, सुगावा लागण्यापूर्वीचा विलंब संरक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. जेथे पाहणारे कोणी नाही तेथील भिंत कितीही जाड असली तरी तिची किंमत शून्यच धरावी लागते.

गुन्हेशास्त्रातही या विचारास आधार आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार गुन्हा घडण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : प्रवृत्त झालेला गुन्हेगार, योग्य लक्ष्य आणि समर्थ रक्षकाचा अभाव. येथे रक्षक म्हणजे केवळ गणवेशातील पहारेकरी नव्हे. समोरचा पानवाला, शेजारचा शिंपी, पहाटे दूध घालणारा गवळी हेही या अर्थाने रक्षकच होत.

दुर्बलता नजरेआड का राहतात

दुर्बलता नजरेआड राहण्याचे पहिले कारण सवय हे होय. रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. शौचालयाच्या झरोक्याचा निखळलेला गज पहिल्या दिवशी सर्वांना खटकतो; सहा महिन्यांनंतर तो इमारतीचाच भाग होऊन जातो.

दुसरे कारण म्हणजे परिस्थितीतील संथ बदल. इमारत बांधताना मागे मोकळे शेत असते. पुढे तेथे गाळे होतात, गाळ्यांवर पोटमाळे चढतात आणि एके दिवशी शेजारच्या गच्चीवरून संस्थेच्या छतावर सहज पाय ठेवता येतो. संस्थेने स्वतः काहीही बदललेले नसते, तरीही तिची सुरक्षितता बदललेली असते.

तिसरे कारण जबाबदारीच्या विभागणीत आहे. कुलूप व्यवस्थापकाचे, कॅमेरा ठेकेदाराचे, दिवा ग्रामपंचायतीचा आणि भिंत घरमालकाची, अशी वाटणी झाली की त्यांमधील सांध्यांकडे कोणीच पाहत नाही. चौथे कारण दिखाऊपणाचे आहे. दर्शनी भागातील पोलादी दरवाजा ठेवीदारांना दिसतो, म्हणून त्यावर खर्च होतो. मागील मोरीची जाळी कोणालाच दिसत नाही, म्हणून ती गंजत राहते.

पाचवे कारण मौनाचे होय. दुर्बलतेची चर्चा केल्यास चोराला आयती माहिती मिळेल, या भीतीने ती टाळली जाते. या समजुतीचा इतिहास उद्बोधक आहे. १८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. त्यानंतर, कोणीही उघडून दाखवावे म्हणून अनेक दशके २०० गिनींचे बक्षीस लावलेले ब्रामा कंपनीचे कुलूपही त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून उघडले. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर मांडावेत काय, यावर तेव्हा मोठा वाद झाला. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांच्या कुलपांवरील ग्रंथात याचे उत्तर दिले गेले. चोरांना हे दोष आधीच ठाऊक असतात; अनभिज्ञ असतो तो प्रामाणिक ग्राहक, असा त्याचा आशय होता. अर्थात एखाद्या विशिष्ट संस्थेचा नकाशा जाहीर करणे आणि दुर्बलतेच्या प्रकारांची चर्चा करणे यांत भेद केलाच पाहिजे. पहिली गोष्ट गोपनीय राहावी, दुसरी मोकळेपणाने व्हावी.

शनिशिंगणापूर : कुलपाविना सुरक्षितता

सुरक्षितता आणि कुलूप हे समानार्थी शब्द नाहीत, याचे देशभर परिचित असलेले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना चौकटी असतात, परंतु परंपरेने दारे व कुलपे लावली जात नाहीत. येथे चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतात, अशी श्रद्धा त्यामागे आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात कुलूपविरहित म्हणून गाजलेली शाखा उघडली. गावाच्या भावनेचा मान राखण्यासाठी तिला पारदर्शक काचेचा दरवाजा बसविण्यात आला. मात्र या दरवाजास सहजी नजरेस न येणारे, दूरनियंत्रकाने चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप होते.

श्रद्धेच्या प्रश्नात न शिरता, केवळ सुरक्षाव्यवस्थेच्या दृष्टीने या गावाकडे पाहिल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, श्रद्धेने परावृत्त करण्याचे कार्य केले आणि दारे नसलेल्या लहान गावात परस्परांच्या नजरेने सुगाव्याचे कार्य केले. जेथे प्रत्येक माणूस ओळखीचा असतो तेथे अनोळखी पाऊल लगेच कळते. दुसरी, ही व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती : गावात येणारा प्रत्येक जण ती श्रद्धा मानतो आणि अनोळखी माणूस विरळा असतो. देवस्थानाची कीर्ती वाढून भाविकांची अखंड वर्दळ सुरू झाली तेव्हा अनोळखी चेहरा हीच नेहमीची बाब झाली. २०१० व २०११ मध्ये गावात चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. चौकटी त्याच राहिल्या; त्यांच्याभोवतीची परिस्थिती बदलली.

तिसरी गोष्ट बँकेच्या निर्णयाची आहे. बँकेने गावाची रीत जशीच्या तशी स्वीकारली नाही आणि ती धुडकावलीही नाही. दिसणारे कुलूप काढल्याने कमी झालेला विलंब कोणत्या मार्गाने भरून काढायचा, याचा तिने विचार केला. प्रत्येक व्यवसायाला आपल्या गृहीतकांची अशीच फेरतपासणी करावी लागते. ‘आमच्या गावात असे होत नाही’ हे वाक्य जेथे ऐकू येते, तेथे बहुधा एखादी दुर्बलता लपलेली असते.

नेहमी सुटणाऱ्या जागा

जमीन, भिंत व छत : नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेतील ३० लॉकर फोडले गेले. चोरट्यांनी काही महिने आधी जवळचाच गाळा दुकानासाठी भाड्याने घेतला, तेथून भुयार खोदले आणि ते लॉकरच्या खोलीत जमिनीतून वर आले. १३ नोव्हेंबर रोजी, सोमवारी, बँक उघडल्यावर हा प्रकार उघडकीस आला. येथे विलंब कमी नव्हता. खोदकामास पुष्कळ काळ लागला. परंतु त्या काळात कोणासही सुगावा न लागल्याने तो विलंब वाया गेला. चांदबिबीला सुरुंगाची वार्ता मिळाली होती. येथे ती कोणालाच मिळाली नाही. जिल्ह्यातील जुन्या पेठांतून अनेक दुकानांच्या भिंती सामाईक आहेत. शेजारी नवा भाडेकरू येणे, तेथे अवेळी बांधकाम चालू असणे अथवा मातीची पोती बाहेर पडणे, या घटना सुरक्षेच्या नोंदवहीत यावयास हव्यात. गोदामांचे पत्रे ज्या हुक-बोल्टांनी बसविलेले असतात ते बहुधा बाहेरून पान्याने सोडविता येतात. तरीही गोदामाची सुरक्षितता त्याच्या दारापुरतीच तपासली जाते.

दार : महाग कुलूप घेतले जाते, परंतु ते ज्या कोयंड्यात अडकते तो दोन आखूड स्क्रूंवर उभा असतो. कटावणीचा घाव कुलपावर पडत नाही, कोयंड्यावर पडतो. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच राहतात आणि त्यांच्या सळ्या ठोकून काढता येतात. शटरला दोन टोकांस कुलपे असून मध्यभाग मोकळा असल्यास तो पहारीने वाकविता येतो. आरपार बोल्ट घालून त्याची चाकी आतील बाजूस ठेवणे, बिजागऱ्यांची सळी काढता न येईल अशी व्यवस्था करणे आणि शटरला मध्यभागी कुलूप बसविणे, हे उपाय गावातील कोणताही वेल्डर एका दिवसात करू शकतो.

किल्ली : तिजोरीस दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोन व्यक्तींकडे असाव्यात, हा बँकव्यवहारातील रूढ नियम होय. लहान शाखेत एक कर्मचारी रजेवर गेला की दोन्ही किल्ल्या एकाच खिशात येतात आणि ही तात्पुरती सोय कायमची होते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडून किल्ली परत घेतली जाते. तिची नक्कल झाली नसेल याची खात्री मात्र करता येत नाही. अशा वेळी कुलूपच बदलणे इष्ट. या बाबीस विम्याचेही परिमाण आहे. घरफोडी विम्याच्या प्रचलित अटींनुसार बळजबरीने प्रवेश केल्याचा पुरावा सामान्यतः आवश्यक असतो. किल्लीने उघडलेल्या तिजोरीची हानी, ती किल्ली धाकदपटशाने मिळविलेली नसल्यास, बहुधा विम्याच्या कक्षेबाहेर राहते.

कॅमेरा : कॅमेरा बसविला म्हणजे सुगाव्याची व्यवस्था झाली, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कॅमेरा घटनेची नोंद करतो. घटना घडत असताना ती पाहणारे कोणी नसते. शिवाय चित्रण साठविणारी पेटी गल्ल्याखालीच ठेवलेली असल्याने चोर तीही उचलून नेतो. भिंगावर जाळे धरलेले असणे, समोरच्या उजेडामुळे चेहरा काळा दिसणे, वीज गेल्यावर यंत्रणा बंद पडणे आणि घड्याळ चुकीचे असणे, हे दोष आठवड्यातून पाच मिनिटे चित्रण उघडून पाहिल्यास सहज सापडतात.

यंत्रे आणि माल : एप्रिल २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात आरग येथे चोरट्यांनी जेसीबी यंत्राच्या साहाय्याने एटीएमच उखडले. माणसाच्या बळाचा विचार करून केलेले संरक्षण यंत्राच्या बळापुढे टिकत नाही. ज्या परिसरात जेसीबी, ट्रॅक्टर व गॅस कटर सहज उपलब्ध असतात तेथे ही साधनेही धोक्याच्या हिशेबात धरली पाहिजेत. आणि अशा यंत्रांच्या मालकांनी किल्ली यंत्रातच ठेवण्याची सवय सोडली पाहिजे. कारखाने व गोदामे यांतील गळती तर अनेकदा दिवसाढवळ्या, मुख्य फाटकातूनच होते. वजनकाट्याची पावती, फाटक परवाना आणि साठ्याची नोंद हे तीन कागद तीन वेगळ्या माणसांकडे असावेत व ते रोज परस्परांशी ताडून पाहावेत, हाच त्यावरील खरा पहारा होय.

पहारेकरी : कमीत कमी वेतनात मिळालेल्या वयस्कर माणसाच्या हाती काठी व बॅटरी देऊन रात्र त्याच्यावर सोपविली जाते. खासगी सुरक्षा अभिकरणांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ चा असून, त्याखालील आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तासांचे वर्गशिक्षण व ६० तासांचे प्रात्यक्षिक सांगितले आहे. लहान व्यावसायिकाला प्रशिक्षित रक्षक परवडत नसेल, तर निदान संकट आल्यास कोणास दूरध्वनी करावा, कोठे थांबावे आणि स्वतःचा जीव धोक्यात घालू नये, इतके तरी पहारेकऱ्यास लेखी सांगितलेले असावे.

पाहणीची पद्धत

दुर्बलता शोधण्यासाठी महागड्या सल्लागाराची गरज प्रत्येक वेळी नसते. गरज असते ती शिस्तबद्ध पाहणीची. प्रथम काय जपायचे याची यादी करावी. रोकड, तारण सोने, कर्जाची मूळ कागदपत्रे, संगणक, कच्चा माल यांतील कोणती वस्तू गेल्यास व्यवसाय थांबेल, हे ठरल्याशिवाय खर्चाचा क्रम ठरत नाही.

त्यानंतर बाहेरून आत या क्रमाने फेरी मारावी. ही फेरी किमान तीन वेळा व्हावी : कामाच्या दिवशी, मध्यरात्री आणि जोडून आलेल्या सुट्टीत. दिवसा निरुपद्रवी दिसणारी भिंतीलगतची क्रेटची चळत रात्री शिडी होते. छताला टेकलेली कडुलिंबाची फांदी वाट होते. फेरीत निदान एक व्यक्ती त्या वास्तूशी अपरिचित असावी. दुसऱ्या शाखेचा व्यवस्थापक किंवा शेजारच्या संस्थेचा सचिव यांना बोलाविल्यास सवयीने झाकलेल्या गोष्टी उघड होतात. झाडलोट करणाऱ्या बाई, शिपाई व रात्रीचा पहारेकरी यांना अवश्य विचारावे. कोणती खिडकी नीट लागत नाही, हे त्यांना संचालक मंडळापेक्षा अधिक ठाऊक असते. आपल्या सांगण्याचा आपल्यालाच ठपका बसणार नाही, अशी खात्री मात्र त्यांना मिळाली पाहिजे.

तिसरी पायरी मोजमापाची. प्रत्येक संभाव्य मार्गाचा कच्चा नकाशा काढून त्यावर तीन आकडे लिहावेत : तो मार्ग पार करण्यास लागणारा अंदाजे वेळ, सुगावा कोणत्या टप्प्यावर लागेल आणि मदत किती वेळात येईल. पोलीस ठाण्यास पूर्वकल्पना देऊन भोंगा प्रत्यक्ष वाजवून पाहावा. तो ऐकून कोण बाहेर येते हेही पाहावे. वरचेवर विनाकारण वाजणारा भोंगा शेजाऱ्यांना सुगावा देईनासा होतो, ही बाब चाचणीखेरीज कळत नाही. शेवटी प्रत्येक दोषासमोर जबाबदार व्यक्ती व दुरुस्तीची तारीख लिहून ते टिपण बंदोबस्तात ठेवावे. शेजारी नवे बांधकाम झाले, कर्मचारी बदलला अथवा व्यवसायाची वेळ बदलली की पाहणी पुन्हा करावी.

निराकरणाचा क्रम

दुरुस्तीचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लक्ष्यच लहान करणे. रोकड रोज बँकेत भरल्यास तिजोरीवरील भार कमी होतो. मात्र ती रोज एकाच वेळी, एकाच वाटेने व एकाच दुचाकीवरून नेल्यास धोका फक्त रस्त्यावर सरकतो. दुसरा टप्पा सवयी बदलण्याचा : किल्ल्यांची नोंदवही, रजेच्या काळातील लेखी हस्तांतर, सायंकाळी दार बंद करताना दोघांनी मिळून करावयाची फेरी. तिसरा टप्पा किरकोळ दुरुस्तीचा : बोल्ट, जाळी, दिवा, फांदी. सुगाव्याचे साधन सर्वांत बाहेरच्या आवरणाकडे नेणे हा चौथा टप्पा आणि नवी भिंत, नवी तिजोरी अथवा नवे यंत्र हा शेवटचा टप्पा होय. प्रत्यक्षात बहुतेक संस्था हा क्रम उलटा करतात.

येथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. चोराला रोखणारे दार आगीच्या वेळी माणसालाही रोखते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या मार्गांतील अडथळे हे त्या हानीचे एक प्रमुख कारण ठरले. म्हणून खिडकीला गज बसविताना निदान एक चौकट आतून उघडणारी ठेवावी आणि माणसे आत असेपर्यंत बाहेरचे कोणतेही दार आतून किल्लीविना उघडता यावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. सुरक्षा पाहणीची सांगड याच दोन महिन्यांशी घातल्यास ती विसरली जाणार नाही.

बँकांच्या बाबतीत कायद्यानेही अपेक्षा वाढविल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ मधील निर्णयानंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयक सुधारित सूचना दिल्या. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे अथवा कर्मचाऱ्याचा अपहार यांमुळे लॉकरमधील वस्तूंची हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत ठरविण्यात आले आणि स्ट्राँगरूमच्या प्रवेशमार्गाचे चित्रण किमान १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. पतसंस्थांच्या ठेवीदारांची स्थिती अधिक नाजूक आहे. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. ते पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही. ऊसतोडणीच्या उचलीतून, दुधाच्या पगारातून किंवा कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेली रक्कम जेथे ठेवली जाते, तेथील निखळलेला गज ही म्हणूनच केवळ देखभालीची बाब उरत नाही. एका रात्रीत गेलेले तारण सोने परत मिळेल की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे लग्नकार्य किंवा मुलाचे शिक्षण अवलंबून असू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यवसायाच्या भौतिक सुरक्षिततेतील दुर्बलता प्रामुख्याने साधनांच्या अभावातून निर्माण होत नाहीत. त्या निरीक्षणाच्या अभावातून निर्माण होतात आणि सवयीमुळे टिकून राहतात. भुईकोट किल्ल्याचा तट, जुईनगरची लॉकरची खोली आणि शनिशिंगणापूरची उघडी चौकट या तिन्ही उदाहरणांत निर्णायक प्रश्न एकच आहे : धोका येत असताना तो कोणाला, किती आधी कळतो. भिंतीची जाडी त्यानंतर उपयोगी पडते.

या कामी महाविद्यालयांना वाटा उचलता येण्यासारखा आहे. वाणिज्य विभागाच्या लेखापरीक्षण विषयातील प्रकल्पात परिसरातील दुकानदार व पतसंस्था यांच्या संमतीने सुरक्षा पाहणीचा समावेश करता येईल. अशा पाहणीचे निष्कर्ष संबंधित संस्थेकडेच सुपूर्द करण्याचे बंधन विद्यार्थ्यांवर असावे. तत्पूर्वी महाविद्यालयाने स्वतःची प्रयोगशाळा, ग्रंथालय, रोखपालाची खोली आणि वसतिगृहाचे मागील दार यांची पाहणी करावी, हे ओघानेच आले. चांदबिबीने खिंडार एका रात्रीत बुजविले. परंतु ते पडण्यापूर्वीचे दोन सुरुंग वेळीच शोधले गेले नसते, तर एक रात्र पुरली असती काय, याचा विचार प्रत्येक संस्थेच्या संचालकांनी आपल्या इमारतीभोवती फेरी मारताना करावयास हवा.